शाळेची नियमपुस्तिका मुलाला शेजारी बसवून कशी वाचावी

वर्ष सुरू होताना शाळेकडून नियमपुस्तिका घरी येते. शेवटच्या पानावर पालकांची सही लागते, आणि पुष्कळ घरांत पुस्तिकेचं तेवढंच पान उघडलं जातं. मी पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. सह्या केलेली पानं गोळा करताना दरवर्षी माझ्या मनात येतं, यातलं मुलाच्या कानावर किती गेलं असेल? नियमाची खरी वेळ येते ती शाळा सुटताना गेटपाशी, मधल्या सुट्टीत नळावर, स्वच्छतागृहाच्या दाराशी. तिथे आईबाबा नसतात. तिथे सहा वर्षांचं मूल एकटं असतं आणि काय करायचं ते त्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून पुस्तिका दोनदा वाचा. पहिल्यांदा एकट्याने, पेन्सिल हातात घेऊन. जे नीट कळलं नाही त्यापुढे फुली मारा. ‘आवश्यकतेनुसार कळवण्यात येईल’ अशा वाक्यापुढे तर माराच. कोण कळवणार? फोनवर की वहीत? किती वेळात? फुल्यांची यादी घेऊन वर्गशिक्षिकेला भेटा. हे प्रश्न विचारायला कचरू नका. पहिल्याच आठवड्यात असे प्रश्न विचारणारे पालक भेटले की मला फार बरं वाटतं, कारण पुढे अडीअडचणीला आम्हा दोघांनाही काय करायचं ते ठाऊक असतं.

दुसऱ्यांदा वाचताना मूल शेजारी हवं. सगळी पुस्तिका त्याला वाचून दाखवू नका, कंटाळेल. शाळा सुटल्यावर काय करायचं, स्वच्छतागृहाला कसं जायचं, दुखलंखुपलं तर कुणाला सांगायचं आणि कुणी त्रास दिला तर काय बोलायचं, एवढंच घ्या. आणि नुसतं सांगू नका, म्हणून घ्या. ‘बाई, मला शू लागलीय.’ ‘बाई, माझं पोट दुखतंय, घरी फोन कराल का?’ ‘थांब, मला हे आवडत नाही.’ ही वाक्यं मोठ्याने म्हणून झालेली असली की वर्गात तोंडातून बाहेर पडतात. नाहीतर शहाणीसुरती, हुशार मुलंसुद्धा विचारायचं धाडस होत नाही म्हणून कळ सोसून बसतात. ते पाहवत नाही.

शाळा सुटतानाच्या नियमावर सगळ्यात जास्त वेळ द्या. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची यादी शाळा मागते. त्यात रोज येणाऱ्या माणसाखेरीज आणखी दोन नावं तरी द्या, आणि त्या माणसांना तसं सांगून ठेवा. ऐनवेळी दुसरं कुणी येणार असेल तर शाळेला आधी कळवा. ‘आजच्या दिवस सोडा ना, मी त्यांना ओळखतो’ असं कुणी गेटवर म्हणालं तरी आम्ही मूल सोडत नाही. त्यावर काही पालक चिडतात. पण ओळखीच्या माणसासाठी एकदा मोडलेला नियम अनोळखी माणसासमोर कसा टिकणार? मुलाला एवढंच पक्कं सांगा: न्यायला येणारं माणूस दिसलं नाही तर गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही, मागे फिरून बाईंकडे यायचं. हे त्याच्यासोबत गेटपाशी प्रत्यक्ष चालून दाखवलंत तर उत्तम.

आजारपणाच्या नियमावरून वाद होतात, म्हणून त्यामागचं कारण समजून घ्या. औषध न देता ताप उतरलेला राहून २४ तास झाल्याशिवाय मुलाला पाठवू नये, असं बहुतेक शाळा सांगतात. सकाळी पॅरासिटॅमॉल देऊन धाडलं तर चार-सहा तासांत त्याचा असर ओसरतो आणि दुपारी मूल फणफणून बाकावर डोकं टेकतं. तोवर त्याच्या आजूबाजूला बसलेल्यांनाही लागण होऊ शकते. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी ठेवणं चांगलं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. उवांचं मात्र वेगळं आहे. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की पसरतात. त्यासाठी मुलाची शाळा बुडवायची गरज नसते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. त्याच संध्याकाळी उपचार सुरू करा. लिखांतून आठवड्या-दीड आठवड्यात नव्या उवा निघतात, म्हणून बऱ्याच औषधांचा दुसरा हात द्यावा लागतो. औषधाच्या वेष्टनावरची सूचना पाहा. आणि मुलाला चारचौघांत त्यावरून बोलू नका.

औषधाची बाटली दप्तरात घालून पाठवू नका, साधी खोकल्याची असली तरी. मूळ वेष्टनासह, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह शाळेच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या. मात्र दम्याचा पंप किंवा तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन कुलपात पडून उपयोगाचं नाही. ते कुठे असेल, कोण देईल, हे शाळेकडून लेखी घ्या. कुठल्या पदार्थाची ॲलर्जी आहे आणि त्रास सुरू झाला की मूल कसं दिसतं, हेही लिहून द्या. डब्यातलं एकमेकांना द्यायचं नाही हा नियम काही जणांना कोरडा वाटतो. पण वर्गात तीव्र ॲलर्जी असलेलं एक मूल असलं तरी त्याच्यासाठी तो जिवाचा नियम आहे. आपल्या मुलाला तो तसाच समजावा.

गैरहजेरीचं गणित पालकांच्या लक्षात येत नाही. एकूण दिवसांपैकी दहा टक्के दिवस बुडले तर ती चिंतेची खूण धरतात. शाळा वर्षात १८० दिवस भरत असेल तर हे झाले १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. दोन दिवसांचं कुणाला काही वाटत नाही. पण पहिलीतल्या वाचनात आजचं अक्षर कालच्या अक्षरावर उभं असतं, आणि मधलं निसटलेलं मूल पुढे गप्प होतं. उशिराचंही तसंच. सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत दिवसभराच्या सूचना दिल्या जातात. उशिरा आलेलं मूल दिवसभर शेजाऱ्याच्या वहीत डोकावत राहतं. सकाळी वेळेवर उठायचं तर रात्री वेळेवर झोपायला हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते.

गृहपाठासाठी एक ठोकताळा सांगतात: इयत्तेमागे दहा मिनिटं. पहिलीला दहा, तिसरीला तीस. त्याहून फार वेळ लागत असेल तर तुम्ही करून देऊ नका. ‘एवढा वेळ लागला, इथे अडलं’ असं वहीत लिहून पाठवा. ती चिठ्ठी माझ्या दृष्टीने पूर्ण केलेल्या गृहपाठापेक्षा मोलाची असते.

कुणी त्रास देतंय असं मूल म्हणालं तर आधी पूर्ण ऐकून घ्या. कधी, कुठे, कोण जवळ होतं, ते त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहा. गेटवर दुसऱ्याच्या मुलाला जाब विचारू नका. त्याने प्रकरण चिघळतं आणि दुसऱ्या दिवशी त्रास तुमच्याच मुलाला होतो. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, तिथेही दाद लागली नाही तर शाळेची समिती. प्रत्येक पायरीवर लेखी द्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा.

शिक्षेबद्दल पुस्तिकेत काय लिहिलंय तेही नीट पाहा. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क कराराचं २८वं कलम सांगतं. मारणं, सगळ्यांसमोर अपमान करणं, स्वच्छतागृहाला जाऊ न देणं ही शिस्त नव्हे. असं काही घडलं तर लेखी तक्रार कराच, आणि ‘बाईंचं नाव सांगितलं म्हणून तुला कुणी रागावणार नाही’ हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

सही करण्याआधी आणीबाणीच्या संपर्काचा रकाना पुन्हा एकदा पाहा. तिथला नंबर आज लागतो का, हे स्वतः फोन करून तपासा. वर्षाच्या मध्ये नंबर बदलला तर त्याच दिवशी कार्यालयात लिहून द्या आणि वर्गशिक्षिकेलाही वेगळं कळवा.