क्रिप्टो वॉलेट उघडत नाहीये? घाईत या चुका टाळा

लॉगिन अडकलं म्हणून सहसा पैसे जात नाहीत, त्यानंतर घाबरून जे उद्योग केले जातात त्यांनी जातात. म्हणून आधी हात आवरा आणि बघा की तुमचं वॉलेट नक्की कुठल्या प्रकारचं आहे. एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, खातं असेल तर पासवर्ड विसरलात तरी ईमेल, ओटीपी, केवायसी असं करत परत आत जाता येतं. पण मेटामास्क किंवा ट्रस्ट वॉलेटमध्ये १२ शब्दांची सीड फ्रेज (हे शब्द म्हणजेच वॉलेटची मूळ चावी) घेऊन वॉलेट बनवलं असेल तर तिथला पासवर्ड फक्त तुमच्या फोनवरचं किंवा ब्राउझरमधलं कुलूप उघडतो, कंपनीकडे तो नसतोच, मग रिसेट कोण करून देणार?

यातली सगळ्यात महाग चूक म्हणजे 'एकदा काढून परत टाकून बघू'. बाकी ॲपला चालतं हो हे, इथे नाही. ॲप किंवा ब्राउझरमधलं एक्स्टेंशन उडवलं की चावीची तिथली कॉपी पण उडाली, आणि शब्द लिहिलेला कागद सापडत नसेल तर विषय संपला. आधी कागद शोधा, तो हातात आल्याशिवाय अनइन्स्टॉलला बोट लावू नका.

दुसरं, गुगलवर 'मेटामास्क लॉगिन' टाकून सगळ्यात वरची लिंक उघडणे. वरची लिंक बऱ्याचदा जाहिरात असते आणि खोटी साइट हुबेहूब तशीच, लोगोतला कोल्हा पण तोच, फक्त 'व्हेरिफाय करा' म्हणून बारा शब्द मागते. टेलिग्रामवर स्वतःहून मेसेज करणारा 'सपोर्ट'वाला पण तेच मागतो, एनीडेस्क (लांबून तुमचा फोन चालवायचं ॲप) टाकायला सांगतो. खरा सपोर्ट हे शब्द कधीच मागत नाही.

शब्द आहेत पण ॲप घेत नाहीये? मग स्पेलिंग बघा. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतलेच असतात आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, त्यामुळे पुढचं अक्षर पुसट असलं तरी चालतं. यादीत 'वुमन' आहे, त्याचं अनेकवचन नाही, असल्या बारीक चुका होतात. क्रम पण तोच हवा. आणि एरर आली तर ती बरी म्हणायची, कारण बारा शब्दांत साधारण सोळात एकदा चुकीची जुळणीसुद्धा पास होते आणि भलतंच रिकामं वॉलेट उघडतं.

रिकामं दिसलं म्हणून लगेच लुटलो समजू नका. ॲपमध्ये नेटवर्क इथेरियमचं निवडलंय आणि पैसे पॉलिगॉन या दुसऱ्या नेटवर्कवर, टोकन (म्हणजे तुमचं नाणं) यादीत इम्पोर्ट करायचं राहिलं, दुसरं-तिसरं अकाउंट ॲड केलेलं नाही, बऱ्याचदा यातलंच काहीतरी असतं. वॉलेटचा जुना ॲड्रेस इथरस्कॅन किंवा पॉलिगॉनस्कॅन या साइटवर टाकून शिल्लक बघा, लॉगिन लागत नाही. हो, प्रायव्हेट कीने (एकाच अकाउंटच्या स्वतंत्र चावीने) वेगळं इम्पोर्ट केलेलं अकाउंट या बारा शब्दांनी परत येत नाही, त्याची की वेगळी जपावी लागते.

एक्सचेंजच्या लॉगिनला ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड सारखा चुकतोय तर फोनची वेळ ऑटोमॅटिकवर करा, कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, घड्याळ मागे-पुढे असलं की गेलंच.

आणि शब्दांचा स्क्रीनशॉट गॅलरीत? काढून टाका, क्लाउड बॅकअपमधून पण. २०२५ मध्ये स्पार्ककॅट नावाचा मालवेअर उघडकीला आला, तो गॅलरीतले फोटो वाचून असेच शब्द शोधायचा आणि तो असलेली ॲप्स थेट प्ले स्टोअर, ॲप स्टोअरवर होती.

शब्द कुठे देऊन बसला असाल तर पासवर्ड बदलून उपयोग शून्य. दुसऱ्या स्वच्छ फोनवर नवे शब्द घेऊन नवीन वॉलेट बनवा, जे उरलंय ते लगेच तिकडे हलवा, आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा क्रमांक) आणि समोरच्याच्या वॉलेटचा ॲड्रेस जवळ ठेवा, तक्रारीत ते लागतं. आणि 'पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा' म्हणणारा आला तर त्याचा नंबर पण त्याच तक्रारीत टाका.