हरणटोळ एक की पाच? बेडूक-सापांच्या वंशावळीवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

बी.एस्सी. झाल्यावर सल्ला विचारायला येणाऱ्या बहुतेक मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, मला साप पकडता येतात." माझा प्रश्नही ठरलेला असतो: "पकडलेला साप नेमका कुठे सापडला, ते लिहून ठेवलंस?" साप पकडणं ही या क्षेत्राची गरजच नाही असं मी म्हणणार नाही, पण उभयचर आणि सरीसृपांची उत्क्रांती, त्यांच्यातलं जनुकीय वैविध्य यावर काम करायचं तर ते फार मागे येतं. आधी येते नोंद.

हरणटोळाचंच घ्या. कोकणात कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर दिसणारा हा हिरवागार, टोकदार नाकाचा साप दोनशेहून अधिक वर्षं 'अहेटुला नासुटा' या एकाच नावाखाली जात होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या वेगवेगळ्या डोंगररांगांमधून नमुने गोळा केले, जनुकं आणि खवले दोन्ही तपासले आणि 2020 मध्ये निष्कर्ष मांडला: 'नासुटा' हे नाव आता श्रीलंकेतल्या सापापुरतंच. घाटात त्याच्या जागी चार जाती, आणि कोरड्या सखल भारतातली पाचवी. आपल्या उत्तर सह्याद्रीतली 'अहेटुला बोरिॲलिस'. त्याच्या आदल्या वर्षी दक्षिण घाटातून 'प्रोअहेटुला अँटिक्वा' ही जात जाहीर झाली होती. दिसायला हरणटोळच, पण तिची शाखा सुमारे 2 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वेगळी झालेली.

बातमीत येतं ते 'नवी जात सापडली'. खरं काम असतं ते कोण कोणापासून कधी, कशामुळे तुटलं हे शोधण्याचं. मधली खिंड आडवी आली, की पावसाचं मान बदललं, की डोंगराची उंची? उत्तर द्यायचं तर प्रत्येक नमुना कोणत्या उताराचा, किती उंचीवरचा हे माहीत हवं. नुसतं 'आंबोली' लिहिलेली कुपी माझ्या लेखी निम्मी वाया गेलेली असते. आंबोलीत सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आहे, ओढा आहे, दाट रान आहे, आणि तिथला आंबोली भेक, म्हणजे 'झँथोफ्रायनी टायग्रिना', पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. शंभर पावलं इकडेतिकडे झाली तरी प्राणी बदलतात.

जुने शोधनिबंध वाचण्याचा कंटाळा करू नका. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक वर्णनांत ठिकाण म्हणून फक्त 'मलबार' किंवा 'दख्खन' असतं. मूळ नमुना कुठला हे ठरल्याशिवाय जुनं नाव कोणाला द्यायचं हेच ठरत नाही, मग नवं नाव कोणत्या तोंडाने देणार? म्हणून संग्रहालयातल्या बरण्या पाहायला शिका. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आणि पुण्यात आकुर्डीला असलेलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, दोन्हीकडे रीतसर अर्ज करून संग्रह पाहता येतो.

आता प्रयोगशाळेकडे. नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी ऊतीचा तुकडा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा. हा क्रम उलटा झाला की फॉर्मॅलिन डीएनएचा चुराडा करतं. प्राणी मारायचा नसेल तर शेपटीचं टोक, पायाच्या पडद्याचा कण किंवा तोंडातल्या लाळेचा बोळा चालतो. रक्ताचा थेंबही भरपूर होतो, कारण आपल्या उलट या प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक शाबूत असतं.

कोणतं जनुक वाचायचं यात थोडी भाऊबंदकी आहे. बेडूकवाले 16एस वाचतात, पालवाले एनडी2, सापवाले सायटोक्रोम-बी आणि एनडी4. ही सगळी तंतुकणिकेतली (माइटोकॉन्ड्रियातली) जनुकं. तुम्ही हौसेने भलतंच जनुक वाचलंत तर जेनबँक या जनुकांच्या जाहीर साठ्यातल्या आधीच्या माहितीशी तुमचा नमुना ताडता येत नाही आणि कष्ट तुमच्यापाशीच राहतात. शिवाय तंतुकणिका फक्त आईकडून येते, त्यामुळे तिने सांगितलेली वंशावळ ही आईच्या बाजूची. दोन जातींत पूर्वी संकर झाला असेल तर ती सपशेल फसवते. केंद्रकातली जनुकंही हवीतच.

बेडकांत 16एसमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास फरक दिसला की नवीन मुलं उड्या मारतात. थांबा. तो आकडा म्हणजे नीट बघ असा इशारा आहे, निकाल नव्हे. ओढ्याला चिकटून राहणारा बेडूक पिढ्यान्‌पिढ्या फार लांब जात नाही. अंतर वाढेल तसा फरक हळूहळू वाढत जातो. तुम्ही महाबळेश्वरचा एक आणि कर्नाटकातला एक एवढेच नमुने घेतलेत तर दोन जाती दिसणारच. मधल्या पंधरा ठिकाणचे घेतलेत तर कदाचित एकच सलग साखळी निघेल. मधले नमुने गोळा करणं कंटाळवाणं असतं, बातमीही होत नाही. पण जनुकीय वैविध्याचा अभ्यास म्हणजे मुख्यतः तेच.

वैविध्याच्या उलट टोकाचं उदाहरण तुमच्या कुंडीत आहे. वाळा! गांडुळासारखा दिसणारा हा आंधळा साप त्रिगुणित आहे, म्हणजे त्याच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. आणि सगळ्या माद्याच. नराशिवाय प्रजनन होत असल्याने कुंडीतल्या मातीसोबत एक मादी गेली तरी नव्या देशात वस्ती उभी राहते.

काळ मोजणं हा या विषयातला सर्वांत निसरडा भाग. जनुकांतला फरक म्हणजे वर्षं नव्हेत. घड्याळ लावायला जीवाश्म लागतो. आपल्याकडे त्याची वानवा. मुंबईत वरळीला, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्यांना 'राना पुसिला' म्हटलं, 1930 मध्ये ते 'इंडोबॅट्रॅकस' झाले. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा हा ठेवा सोडला तर भारतातल्या बेडकांचे चांगले जीवाश्म मोजकेच, म्हणून आपली घड्याळं बरेचदा परदेशी जीवाश्मांवर लावलेली असतात. निबंधात '4 कोटी वर्षं' असं दिसलं की त्याच्या आगेमागे दिलेली मर्यादा आधी वाचा. ती कधीकधी दोन कोटींची असते.

भूशास्त्र टाळून चालणार नाही, हे यावरून लक्षात आलंच असेल. 2003 मध्ये बिजू आणि बोसुइट या संशोधकांनी केरळातून जगापुढे आणलेल्या जांभळ्या बेडकाचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. भारत आणि सेशेल्स एकेकाळी जोडलेले होते हे माहीत नसेल तर हा निव्वळ चमत्कार वाटेल. देवगांडुळांचंही, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या उभयचरांचंही, असंच. 2012 मध्ये ईशान्य भारतातून त्यांचं 'चिकिलिडी' हे नवं कुळ जाहीर झालं आणि त्याची नाती आफ्रिकेत निघाली. शाळेतली 'मासा, बेडूक, साप, पक्षी' ही शिडी मात्र डोक्यातून काढा. मगर पालीपेक्षा पक्ष्यांच्या जवळची आहे. तेवढं पचलं की बाकी सोपं जातं.

घरी "याचा उपयोग काय?" असं विचारतीलच. माझ्या घरी मी फुरशाचं उत्तर देते. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते, आणि त्यातलं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हे आता नीट तपासलं गेलं आहे. मग देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सापाच्या दंशावर ती लस किती लागू पडते, हा प्रश्न शेवटी जनुकीय वैविध्याचाच. हे ऐकल्यावर आमच्या काकांनी पुढे काही विचारलं नाही.

परवानग्यांना वेळ लागतो, त्या गृहीत धरूनच वेळापत्रक आखा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 2022 च्या दुरुस्तीत बदलल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या; जुन्या पुस्तकातली यादी वापरू नका. नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायद्याखालची मंजुरी वेगळी. अर्ज जूनमध्ये केलात तर तो पावसाळा गेला असं समजा. जानेवारीत करा.

रात्रीच्या कामाबद्दल मुलींचे पालक हमखास विचारतात. मी एकटी कधीच जात नाही, मुलांनीही जाऊ नये. जाण्याआधी पोलीस पाटील आणि वनरक्षक दोघांना भेटा, परवानगीची प्रत खिशात ठेवा. महाराष्ट्रात मांडुळाच्या तस्करीने इतकं वातावरण बिघडवलंय की बॅटरी घेऊन सापांची चौकशी करणारा माणूस आधी चोरच वाटतो, आणि गावकऱ्यांचं काही चुकत नाही. गावातला एखादा जाणता माणूस सोबत असेल तर त्याची मजुरी द्या आणि निबंधात, त्याची हरकत नसेल तर, त्याचे आभार नावानिशी माना.

शिक्षणाचं म्हणाल तर प्राणिशास्त्र किंवा जैवविविधतेत एम.एस्सी. पुरतं. पुण्यात गरवारे कॉलेजात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) इथेही वन्यजीवांवरचे अभ्यासक्रम आहेत, प्रवेश मात्र कठीण. पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा, काढा. 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. घर चालतं, पण श्रीमंत कोणी होत नाही. सोबत आर किंवा पायथन शिका. वर्षातले पावसाचे चार महिने रानात जातात आणि उरलेले आठ संगणकासमोर, हे कोणी आधी सांगत नाही.

मार्गदर्शक शोधताना दोन पानी बायोडेटा पाठवू नका. त्यांचे दोन निबंध वाचा, आणि तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या साध्या प्राण्याबद्दल, भिंतीवरची पाल असो की सापसुरळी, एक प्रश्न चार ओळींत लिहा. सोबत तुमच्या नोंदवहीच्या एका पानाचा फोटो जोडा. त्यात तारीख, ठिकाण, उंची, अधिवास हे चारही रकाने भरलेले असतील तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.