द्राक्षमळ्यांवरील मुलांचे लसीकरण: आंतरराष्ट्रीय साहाय्याचा स्थानिक पातळीवर उपयोग कसा करावा

दिवाळीनंतर सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येतात आणि त्यांच्या लहान मुलांचे डोस नेमके याच काळात चुकतात. गावाकडच्या आशाताईंच्या यादीत ते मूल 'बाहेरगावी' असते. मळ्याकडच्या आशाताईंच्या यादीत ते नसतेच. एखादी सेवाभावी संस्था किंवा बागायतदारांचा गट या कामात उतरणार असेल, तर त्याने पुढील क्रमाने जावे.

प्रथम बाहेरची मदत कोणत्या रूपात येते ते समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 1974 मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला, भारताने तो 1978 मध्ये स्वीकारला आणि 1985 पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप दिले. 2000 मध्ये स्थापन झालेल्या गावी (Gavi) या लसीकरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीच्या साहाय्याने 2011 च्या अखेरीस केरळ व तमिळनाडूत पेंटाव्हॅलंट, म्हणजे एकाच सुईत पाच आजारांपासून संरक्षण देणारी लस आली आणि नंतर ती देशभर पोहोचली. शीतसाखळीतील, म्हणजे लस थंड ठेवून पोहोचवणाऱ्या व्यवस्थेतील, साठा आणि तापमान मोबाइलवर दाखवणारी ई-विन प्रणाली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने उभी राहिली. ही सारी मदत शासकीय यंत्रणेतूनच वाहते. म्हणून संस्थेने वर्गणी काढून खासगीरीत्या लस विकत घेण्याच्या फंदात पडू नये. तो पैसा वाहनासाठी आणि मजुरांच्या बुडणाऱ्या रोजासाठी अधिक उपयोगी पडतो.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली लसीकरणाचे जिल्हा कृती दल असते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन त्याच्या बैठकीत विषय घेण्याची विनंती करावी. नाशिक आणि मालेगाव महापालिकांच्या हद्दीत काम करायचे असल्यास त्या त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाला स्वतंत्र पत्र द्यावे. पोलिओ निर्मूलनासाठी 1997 मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उभारलेल्या सर्वेक्षण जाळ्यातील वैद्यकीय अधिकारी पुढे गोवर-रुबेलाच्या सर्वेक्षणातही काम करू लागले. कोणत्या वस्त्या तपासणीत सुटल्या, हे त्यांना विचारावे. मालेगावात 2022 च्या अखेरीस गोवराचा उद्रेक झाला होता, तेव्हा हा प्रश्न अनाठायी वाटणार नाही.

खरी मेहनत यादी करण्यात आहे. मळ्यावर सकाळी गेल्यास आया कामावर असतात, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी जावे आणि मुकादमाला आदल्या दिवशी निरोप द्यावा. 'बाळाला लस दिली का?' असे विचारू नये. त्याचे उत्तर बहुधा 'हो' असेच मिळते. माता-बाल संरक्षण कार्ड पाहायला मागावे, ते गावी राहिले असेल तर बाळाच्या मांडीला सुई दिली होती का आणि ती किती वेळा, असे विचारावे, आणि मूळ गाव, पाडा व तिथल्या आशाताईंचे नाव लिहून घ्यावे. ज्या बाळाला पेंटाव्हॅलंटचा पहिला डोसही मिळालेला नाही, त्याला शून्य-डोस बालक म्हणतात. अशा मुलांची संख्या 2030 पर्यंत निम्मी करणे हे जागतिक उद्दिष्ट आहे, त्यामुळे आपल्या यादीत ही नावे वेगळी आणि सर्वांत वर ठेवावीत. मूल मोठे झाले म्हणून ते गाळू नये. गोवर-रुबेलाची चुकलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते.

यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला दिल्यावर सत्राची जागा आणि वेळ परिचारिकेशी बोलून ठरवावी. लस टोचणे हे तिचेच काम आहे. स्वयंसेवकांनी सावली, पाणी, बसण्याची सोय आणि बोलावणे एवढेच सांभाळावे. तरी दोन गोष्टी प्रत्येकाला कळायला हव्यात. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, आइसपॅक फ्रीझरमधून काढल्याबरोबर भरत नाहीत. तो कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळले, म्हणजे भरण्यास योग्य झाला. कडक गोठलेल्या पॅकला लागून पेंटाव्हॅलंट गोठली तर ती वाया जाते. दुसरे म्हणजे लसीला उष्णता लागली का हे दाखवणारे कुपीवरचे वर्तुळ: त्यातील चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिकट असेपर्यंत कुपी चालते, रंग जुळला की ती बाजूला ठेवायची. फोडलेली गोवर-रुबेलाची कुपी चार तासांनंतर वापरत नाहीत, त्यामुळे मुले एकाच वेळी जमवणे सोयीचे ठरते.

लस दिल्यावर बाळाला अर्धा तास तिथेच थांबवावे. कोणती लस दिली, पुढे कधी यायचे, ताप आल्यास काय करायचे आणि कार्ड जपून ठेवायचे, हे आईला तिच्या बोलीत सांगणारी बाई मजुरांमधूनच निवडावी. नोंद यू-विन या शासनाच्या ऑनलाइन लसीकरण नोंदप्रणालीवर झाली का, याची परिचारिकेकडे खात्री करून घ्यावी.

होळीला बरीच कुटुंबे गावी परततात. त्याआधी अपुऱ्या डोसांची यादी पाड्यांच्या नावांसह सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि तिची प्रत कृती दलाला द्यावी.