गाडीचा पिकअप गेला? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

चढावर गाडी ओढत नाही, एसी लावला की पिकअप मरतो, पाय पूर्ण दाबूनही ओव्हरटेक होत नाही, अशी तक्रार घेऊन ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या गॅरेजमध्ये गेले की अनेकदा तपासणीआधीच एखाद्या पार्टचे नाव ऐकायला मिळते आणि पुढचा सगळा खर्च त्या नावामागे जातो. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. इंजिनात ताकद तयारच कमी होते आहे, तयार झालेली ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही, की इंजिनाचा संगणक ती मुद्दाम रोखून धरतो आहे? चालकाला तिन्ही वेळी जाणवते ते सारखेच. उपाय मात्र पूर्ण वेगळे असतात.

माजिवड्याच्या किंवा ऐरोली पुलाच्या रांगेत रोज अर्ध्या क्लचवर गाडी सरकवणाऱ्यांनी सुरुवात क्लचपासून करावी. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा झरकन वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिन खोलून काहीही मिळणार नाही. ब्रेक जाम असेल तर थोड्या प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले आढळते. डिस्कला हात मात्र लावू नये.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे स्कॅनरवर (इंजिनाच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर) आलेल्या बिघाडाच्या कोडला खराब पार्टचे नाव समजणे. कोड फक्त लक्षण सांगतो. पी०१७१ याचा अर्थ मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे एवढाच आहे. त्याचे कारण इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या पुढच्या पाइपातून आत शिरणारी हवा असू शकते, कमी पडलेला फ्युएल प्रेशर असू शकतो, किंवा सेन्सरवर बसलेली धूळ असू शकते. पी०२९९ म्हणजे टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाचा) दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. तो दिसला की टर्बो बदलण्याचा मोठा खर्च सांगितला जातो, पण टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप आधी तपासलेच पाहिजेत. गाडी उभी असताना असा पाइप धडधाकट दिसतो. तडा बहुधा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असतो आणि चढावर दाब वाढला की तिथून फुस्स असा आवाज येत हवा निसटते. हात घालून पाइप वाकवून पाहिला की तडा उघडतो आणि त्याच्याभोवती तेलकट, धूळ चिकटलेला काळा पट्टा दिसतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर ताकद परत येत असेल आणि पुढच्या चढावर पुन्हा जात असेल, तर संगणकाने गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी ठेवण्याच्या अवस्थेत) टाकली आहे असे समजावे आणि दाबाशी संबंधित दोष आधी शोधावा.

कोड वाचल्यावर लगेच पुसून टाकणे, किंवा त्यासाठी बॅटरीचा टर्मिनल काढणे, हे तर पुरावा नष्ट करण्यासारखे आहे. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते. बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होता, वेग किती होता, इंजिनावर किती भार होता आणि ते किती तापले होते, हे सगळे त्यात असते. त्याचा फोटो काढून ठेवावा. स्कॅनरवर त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांमध्येही (लाइव्ह डेटा) एक सोपी परीक्षा आहे: चावी चालू पण इंजिन बंद असताना इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरने समुद्रसपाटीजवळच्या आपल्या भागात साधारण १०० किलोपास्कल दाखवायला हवेत. आकडा फारच वेगळा असेल तर सेन्सर किंवा त्याचे वायरिंग संशयित ठरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही पाहून घ्याव्यात.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी तशीच पळवणे धोक्याचे आहे. असा दिवा बहुधा तीव्र मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे, सांगतो. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, आतली जाळी वितळते, एक्झॉस्टची वाट तुंबते आणि मग गाडीची ताकद खरोखरच जाते. म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या एका इग्निशन कॉइलचा बिघाड कितीतरी पट खर्चाचा होतो. कॉइल ओळखणे तर सोपे आहे. पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधल्या मिसिंगचा कोड, आला असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावावी. कोड पी०३०३ (तिसरा सिलिंडर) झाला तर दोष कॉइलचा, नाही तर प्लग आणि त्यानंतर इंजेक्टर तपासावा.

सीएनजी गाडी असेल तर निदानाचे एक साधन हाताशीच असते. दोन्ही इंधनांवर ताकद कमी असेल तर हवा, इग्निशन किंवा एक्झॉस्ट पाहावे. फक्त सीएनजीवर कमी असेल तर गॅसचा फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर पाहावेत, आणि स्पार्क प्लगही सोडू नयेत, कारण गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागते आणि थकलेला प्लग आधी तिथेच उघडा पडतो. गॅसवर पिकअप थोडा कमी असणे हा दोष नव्हे. तसेच ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे मायलेज घटते, पण एकाएकी ताकद गेली तर तेवढ्या कारणावर थांबू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांबाबत मला विशेष काळजी वाटते. वाशी ते नेरूळ एवढ्याच अंतरात फिरणाऱ्या गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरत जातो. साफ होण्यासाठी त्याला सलग, बऱ्यापैकी वेगाने चाललेली गाडी हवी असते आणि ती प्रक्रिया अर्धवट असतानाच घर येते म्हणून इंजिन बंद केले जाते. डीपीएफचा दिवा लागताच कळंबोलीच्या पुढे द्रुतगती महामार्गावर किंवा ठाण्याहून नाशिकच्या दिशेने गाडी मोकळी चालवून आणावी. मात्र निघण्याआधी इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढून पाहावी: वारंवार अर्धवट राहिलेल्या सफाईमुळे इंजिन ऑइलमध्ये डिझेल मिसळते, आणि पातळी कमाल खुणेच्या वर गेलेली दिसली तर ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नये.