सॅक्सवर श्वास न तोडता कसं वाजवायचं
ब्रिटिश सॅक्सोफोनवादक इव्हान पार्करचं १९७८चं सोप्रानो (उंच सुराच्या सॅक्सवरचं) सोलो रेकॉर्डिंग ऐकून डोकं फिरलं असेल तर आधी सॅक्स बाजूला ठेवा, ग्लासभर पाणी आणि स्ट्रॉ घ्या. गालात हवा साठवायची, ती गालांनीच ढकलत बुडबुडे चालू ठेवायचे आणि त्याच वेळी नाकाने पटकन श्वास आत, बुडबुडे तुटले की परत पहिल्यापासून (गारुडी पुंगीवर हेच करतात बरं का). ते जमलं की खालचा बी फ्लॅट (सॅक्सचा सगळ्यात खालचा सूर) धरा, बोटं न हलवता नुसत्या घशा-जिभेने वरचे सूर काढा. कंटाळवाणं आहे, पण करा. आणि हो, बेलमध्ये (सॅक्सच्या पसरट तोंडात) मोजे कोंबून काही होत नाही, आवाज मधल्या भोकांतूनही येतो, त्यामुळे दादरच्या चाळीत दुपारी काकू झोपलेल्या असताना नकोच. पावसाळ्यात रीड (तोंडाशी लावतात ती वेताची पातळ पट्टी) पुसून वाळवूनच डबीत ठेवा, मुंबईच्या दमटपणात लगेच बुरशी धरते.