८०५१ असेम्ब्ली: या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वाळूच्या मिक्सरला मी कंट्रोलर करून दिला होता. चिप ८९एस५२, म्हणजे ८०५१ घराण्यातलाच मायक्रोकंट्रोलर; प्रोग्राम असेम्ब्लीत, म्हणजे चिपला एकेक सूचना देत लिहिलेला. बॅच संपली की तिचा नंबर रॅममध्ये ९०एच या पत्त्याला ठेवायचा (शेवटचा एच म्हणजे आकडा हेक्साडेसिमल), एवढंच काम. टेबलावर एक बॅच फिरवली, नंबर वाचला, बरोबर आला. बसवल्यावर मात्र बॅच संपली तरी पाण्याचा वॉल्व्ह उघडाच. वाळूचा नुसता रबडा! सगळ्यांनी वॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडला शिव्या घातल्या, तो बदलला, तरी तेच. दुसऱ्या दिवशी तिथला हेल्पर म्हणाला, "साहेब, एक सोडून एक बॅचला हुतंय बघा."

तिथं ट्यूब पेटली. एस५२ मध्ये ८०एच च्या वर एकाच पत्त्यावर दोन घरं आहेत. थेट पत्ता दिला की एसएफआर, म्हणजे पोर्ट-टायमर चालवणारी रजिस्टरं; पत्ता आर० किंवा आर१ या रजिस्टरमध्ये ठेवून त्यातून गेलं की रॅम. थेट ९०एच म्हणजे पोर्ट १ (चिपच्या बाहेरच्या पिना), आणि माझा वॉल्व्ह त्याच्या बिट ० वर! विषम नंबर आला की बिट ० चढणारच. वाचतानाही पोर्टच वाचला जायचा, म्हणून टेबलावर सगळं गोड दिसलं.

तेव्हापासून व्हेरिएबल ३०एच ते ७एफएच मध्येच. स्टॅक (पुश केलेले आकडे आणि परतीचे पत्ते ठेवायची जागा) आर० सारखाच आडमार्गानं जातो, म्हणून एसपीत (स्टॅक पॉइंटर) ७एफएच भरून तो वरच्या रॅममध्ये ढकलतो. एसपीला हातच लावला नाही तर तो ०७एच वर असतो आणि पहिलाच पुश बँक १ (आर० ते आर७ चा दुसरा संच) च्या आर० वर बसतो. रॅमचा नकाशा आधी कागदावर काढा. पोरांना तेवढा दम नसतो.

डिले रूटीन (ठरावीक वेळ थांबवणारा कोड) उचलून चिकटवू नका. डीजेएनझेडला (एक वजा करून शून्य होईपर्यंत उडी मारणारी सूचना) २ मशीन सायकल (एकेक १२ क्लॉकची) लागतात, २५० फेऱ्यांना ५००. १२ मेगाहर्ट्झवर ते ५०० मायक्रोसेकंद, पण तुमच्या बोर्डावर ११.०५९२ चा क्रिस्टल असेल तर सुमारे ५४२. मधे इंटरप्ट आला, म्हणजे चिप दुसऱ्या कामाला वळली, की आणखी लांबलं. १२ ऐवजी एका क्लॉकमध्ये मशीन सायकल उरकणारी नवी चिप लावली तर हिशोबच कोलमडला. मी टायमर लावतो आणि तरी पिन हलवून ऑसिलोस्कोपवर बघतो.

लूपचा काउंटर बाहेरच्या रॅममध्ये ठेवू नका. आणायला मूव्हएक्स (बाहेरच्या रॅमची सूचना), परत ठेवायला मूव्हएक्स, प्रत्येकी २ सायकल, पत्त्याचा डीपीटीआर भरायचा वेगळा. रजिस्टर काय पूजेला ठेवलेत?

डीजेएनझेडच्या रजिस्टरमध्ये ० भरलं तर २५६ फेऱ्या होतात, शून्य नव्हे.

आणि आकड्याआधीचा हॅश (#) विसरू नका. हॅश नसेल तर ३०एच हा आकडा नाही, पत्ता आहे. यावर अजून किती वेळा लिहू?