साडेतीन तास की साडेचार? परदेशी मीटिंग ठरवताना या चुका टाळा

मार्च संपत आला होता. सोमवार, संध्याकाळचे पाच पस्तीस. मी कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो, तेवढ्यात जर्मनीतल्या स्टुटगार्टहून फोन. ‘आम्ही सगळे कॉलवर आहोत, तुम्ही कुठे?’ मी घड्याळ पाहिलं. आमची मीटिंग साडेसहाची. गेले पाच महिने दर सोमवारी साडेसहाचीच होत होती. कॉन्फरन्स रूमच्या फळ्यावर साडेसहा लिहिलेलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सव्वासहाचा रिमाइंडर लावलेला. धावत रूमपर्यंत गेलो तर आत परचेसवाले व्हेंडरशी दरावरून हुज्जत घालत बसले होते. ते उठेनात, त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी जिन्यात उभं राहून मोबाइलवर कॉल घेतला. ड्रॉइंग दाखवायची होती, ती राहिली.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी पहाटे, युरोपने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली होती. स्टुटगार्टच्या लोकांसाठी मीटिंग दुपारी दोनचीच होती. बदललो होतो आम्ही, आणि आम्हालाच पत्ता नव्हता. कॅलेंडरमध्ये बरोबर साडेपाच दिसत होतं, पण पाच महिन्यांत कॅलेंडर उघडून बघायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

पुण्यात परदेशी ग्राहकांच्या प्रोजेक्टवर समन्वयाचं काम करताना अशा बऱ्याच फजित्या झाल्या. त्यातल्या बहुतेकांचं मूळ गणितात नव्हतंच. साडेचार तास वजा करणं कुणालाही येतं.

फरक पाठ करून ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती अनुभवी माणसं जास्त करतात. नवीन मुलगा निदान गूगल करून बघतो. जुन्याला ‘जर्मनी म्हणजे साडेतीन’ तोंडपाठ असतं. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. लंडन साडेचार किंवा साडेपाच. न्यूयॉर्क आणि डेट्रॉइट साडेनऊ किंवा साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा किंवा साडेतेरा. यातला कुठला आकडा आज लागू आहे, हे तारीख बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

बरं, सगळे एकाच दिवशी बदलतात म्हणावं तर तसंही नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. २००७ पासून हा नियम आहे. युरोप आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस एक आठवडा असा येतो, की अमेरिका आणि युरोप यांच्यातला नेहमीचा फरकसुद्धा एका तासाने कमी होतो. घोळ होतात ते मुख्यतः याच दिवसांत.

मी स्वतःसाठी एक ढोबळ खूण ठेवली आहे: होळीच्या सुमारास अमेरिका, पाडव्याच्या सुमारास युरोप. २०२५ मध्ये तर गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला आणि नेमक्या त्याच पहाटे युरोपची घड्याळं पुढे सरकली. अर्थात अधिक महिना आला की सण सरकतात, त्यामुळे ही खूण फक्त ‘जरा कॅलेंडर बघ’ एवढं आठवण्यापुरती. तारीख पंचांगावरून काढू नका.

सिडनीचं उलटं. तिकडे उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपते. त्यामुळे सिडनी आपल्यापुढे कधी साडेचार तास, कधी साडेपाच. ब्रिस्बेन मात्र घड्याळाला हातच लावत नाही, ते बाराही महिने साडेचार तास पुढे. टोकियो, सिंगापूर, दुबई यांचा त्रास नाही, तिथला फरक कायम.

तिघांची मीटिंग, पण मालक कुणाचं घड्याळ?

दोघांमध्ये मीटिंग असेल तर चूक एका तासाची होते आणि एकाच बाजूला होते. तिसरी बाजू आली की गोंधळ वाढतो. आमची सोमवारची मीटिंग पुणे, स्टुटगार्ट आणि डेट्रॉइट अशी. कॅलेंडरमध्ये ती स्टुटगार्टच्या दुपारी दोनला बांधलेली. २०२६ मध्ये तिचं काय होतं बघा. ८ मार्चपूर्वी पुण्यात साडेसहा, डेट्रॉइटला सकाळचे आठ. ८ मार्चनंतर पुण्यात साडेसहाच, पण डेट्रॉइटला नऊ, आणि त्यांची नऊची प्लांटची मीटिंग ठरलेली. २९ मार्चनंतर डेट्रॉइट पुन्हा आठवर आणि पुणे साडेपाचवर. तीन आठवडे डेट्रॉइटवाले गैरहजर राहिले की आपण समजतो त्यांना प्रोजेक्टमध्ये रस नाही. तसं काही नसतं.

मीटिंग भारतीय वेळेला बांधली तर आपल्याकडे ती कधीच हलत नाही, पण बाकी सगळ्यांची वर्षातून दोनदा हलते. माझं मत सांगतो: ग्राहक ज्या शहरात आहे, त्या शहराच्या घड्याळाला बांधा. वर्षातून दोनदा एक तास हलणं आपल्याला जमतं, ग्राहकाला सांगणं अवघड जातं. कुठल्याही शहराला बांधा, पण ते शहर कुठलं हे पहिल्याच मेलमध्ये लिहा. ‘कॅलेंडर बघून घेईल’ यावर सोडू नका. कॅलेंडर बघतं फक्त ते शहर, जिथे आमंत्रण बनवणाऱ्याचा लॅपटॉप होता.

तीन अक्षरी वेळा

आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, हे आपल्याला. डब्लिनच्या माणसाला ती आयरिश वेळ वाटते आणि तेल अवीवच्या माणसाला इस्रायलची. सीएसटी म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यासमोर स्टेशन येतं, शिकागोच्या माणसाला त्याची वेळ दिसते आणि शांघायच्या माणसाला चीनची.

ईएसटी, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागाची हिवाळी वेळ, हे तर कायमचं दुखणं. अमेरिकन लोक जुलैतसुद्धा सर्रास ‘सकाळी ९ ईएसटी’ लिहितात. खरं तर तेव्हा ईडीटी, म्हणजे तिथली उन्हाळी वेळ, चालू असते. तुम्ही अक्षरशः ईएसटी धरून हिशोब केलात तर संध्याकाळचे साडेसात येतील. त्यांच्या मनात असतात आपले साडेसहा. म्हणून मी उत्तरात नेहमी शहर लिहून विचारतो: ‘डेट्रॉइटचे सकाळचे नऊ ना?’ समोरच्याला काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. ॲरिझोनाचा ग्राहक असेल तर फिनिक्स असंच लिहा, कारण ते घड्याळ बदलत नाहीत. हिवाळ्यात ते डेन्व्हरबरोबर असतात, उन्हाळ्यात लॉस एंजेलिसबरोबर.

लिस्टमधून चुकीचं शहर निवडणं

आमच्याकडे एकाने डेट्रॉइटसाठी आमंत्रण बनवताना विंडोजच्या टाइम झोनच्या यादीत ‘यूटीसी उणे ५’ (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) बघितलं आणि त्या ओळीवर क्लिक केलं. ती ओळ होती बोगोटा, लिमा, क्विटोची. नोव्हेंबर ते मार्च सगळं सुरळीत, कारण तेव्हा डेट्रॉइटही उणे पाचच असतं. मार्चमध्ये डेट्रॉइट सरकलं, बोगोटा तिथेच राहिलं. दोन आठवडे कुणालाच कळेना की एक तास नेमका कुठे पळतोय. आमंत्रणाच्या तपशिलात जाऊन शहराचं नाव वाचलं तेव्हा उलगडा झाला.

त्या यादीतले आकडे हिवाळ्याचे असतात आणि उन्हाळ्यातही तसेच दिसतात. त्यामुळे आकडा बघूच नका, नाव वाचा.

दोन ठिकाणी दोन वेळा दिसत असतील तर मी या क्रमाने तपासतो. आधी आमंत्रण बनवणाऱ्याने कुठलं शहर धरलंय. मग आपल्या लॅपटॉपचा टाइम झोन, कारण दौऱ्यावरून आलेल्या माणसाचा लॅपटॉप अजून फ्रँकफर्टमध्येच असतो. मग तोच क्षण यूटीसीमध्ये काढून दोन्हीकडून जुळवायचा. सिरीजच चुकीची असेल तर तिला तिथे संपवून नवी करा, आणि जुनी खरंच गेली का ते बघा. नाहीतर लोकांच्या कॅलेंडरमध्ये दोन मीटिंगा राहतात आणि अर्धे एकीला, अर्धे दुसरीला येतात.

आउटलुकमधली ‘दिवसभराची’ नोंद म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. टाइम झोन बदलला की ती दोन दिवसांवर पसरते. ‘रमेश रजेवर’ असं मंगळवार-बुधवार दोन्हीकडे दिसलं, तर रमेशने जास्तीची रजा मारलेली नसते.

‘हाफ एट’ म्हणजे किती?

ही माझी आवडती चूक, कारण ती मराठी माणसाला पटकन समजते. स्टुटगार्टच्या शॉपफ्लोअरवरच्या एका माणसाने फोनवर मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ‘हाफ एट.’ आमचा सहकारी आधी ब्रिटिश ग्राहकांबरोबर काम केलेला. ब्रिटिश माणूस ‘हाफ एट’ म्हणतो तेव्हा त्याला साडेआठ म्हणायचं असतं. जर्मन माणसाच्या मनात होतं ‘हाल्ब आख्ट’, म्हणजे साडेसात. आठच्या वाटेवर अर्धं अंतर. ते सकाळी साडेसातला, म्हणजे आपल्या अकराला थांबले होते. आम्ही बाराला आलो.

विचित्र वाटतं, पण आपणही पावणेआठ म्हणतो, म्हणजे आठकडूनच मोजतो. स्टुटगार्टच्या स्वाबियन भागात तर पावणेआठला ‘द्राइफिअर्टेल आख्ट’, शब्दशः पाऊण आठ असंच म्हणतात. आणि ‘फिअर्टेल आख्ट’ म्हणजे सव्वासात. सव्वाआठ नव्हे! तोंडी ठरलेली वेळ दोन मिनिटांत आकड्यांत लिहून पाठवा: ०७:३०. चोवीस तासांच्या घड्याळात. एएम-पीएम टाळा, ‘१२ एएम’ म्हणजे रात्र की दुपार यावर वाद घालण्यात अर्धं आयुष्य गेलंय.

तारखेचंही तसंच. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकेला ४ मार्च. महिना अक्षरात लिहा. जर्मन लोक तारीखच सांगत नाहीत, ‘सीडब्ल्यू १४’ म्हणतात, म्हणजे वर्षाचा चौदावा आठवडा. तो सोमवारी सुरू होतो. एक्सेलचं वीकनम हे साधं सूत्र आठवडे वेगळ्या नियमाने मोजतं, आणि २०२७ सारख्या वर्षी, जेव्हा १ जानेवारी शुक्रवारी येतो, ते जर्मन आठवड्याच्या एक आकडा पुढे धावतं. आयएसओ-वीकनम वापरा.

शुक्रवारी रात्री साडेबारा

मराठी डोक्याची एक खास चूक. ‘शुक्रवारी रात्री साडेबाराचा कॉल’ म्हटलं की आपल्याला शुक्रवारचीच रात्र दिसते, दिवस संपलेला नसतो. कॅलेंडरसाठी ती शनिवारची पहाट. आमंत्रण शुक्रवार ००:३० चं गेलं, म्हणजे गुरुवारची रात्र. समोरचे एक दिवस आधी येऊन बसले, आपल्याला सकाळी मिस्ड कॉल.

दुसरीकडे, आपल्या सोमवारी सकाळी साडेआठला कॅलिफोर्नियात रविवारची संध्याकाळ असते. ‘आठवड्याची सुरुवात जोरात करू’ म्हणून टाकलेलं आमंत्रण तिकडे कुणाच्या तरी जेवणावर जाऊन पडतं. कॉल आपल्या शुक्रवारच्या संध्याकाळी ठेवला तर मुंबई-पुण्याच्या माणसांचा बळी जातो. कॅलिफोर्नियाशी रोजचा कॉल असेल तर कुणीतरी गैरसोय सोसणारच, तेव्हा महिन्यागणिक पाळी बदला. आणि उशिरापर्यंत थांबणाऱ्यांच्या परतीच्या कॅबचं आधी बघा, वेळ नंतर ठरवा.

सुट्ट्या

थोडक्यात. जर्मनीत सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या. ६ जानेवारीला स्टुटगार्ट बंद, हॅम्बुर्ग चालू. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, आणि शुक्रवारीही कुणी नसतं असंच धरा. आपल्या सुट्ट्याही त्यांना कळवा. अनंत चतुर्दशीला पुण्यातून कॉलला बसायचं तर घरूनच, आणि ढोलताशे ऐकू येणार नाहीत अशी खोली असेल तर.

सध्या मी आमंत्रणात ही ओळ टाकतो:

‘मंगळवार, २७ ऑक्टोबर २०२६. स्टुटगार्ट १४:००, पुणे १८:३०, डेट्रॉइट ०९:००. मीटिंग स्टुटगार्टच्या घड्याळाला बांधलेली आहे. १ नोव्हेंबरनंतर डेट्रॉइटला ०८:००.’

आणि त्याच वेळी खाली जाऊन कॉन्फरन्स रूमच्या फळ्यावरही या वेळा लिहून येतो, परचेसवाल्यांना दिसतील अशा.